बादलीवरच्या रेघा

पिंप रिकामं होतं. झाकण उचलून आत पाहिलं तरी खरं वाटेना, म्हणून वाकून हात घातला, तर बोटांना थेट तळ लागला. सकाळी कामावर निघताना मी ते गळ्यापर्यंत भरून ठेवलं होतं, वर झाकण, आणि अण्णांनी ते उघडू नये म्हणून झाकणावर जुनी लोखंडी इस्त्री. ती इस्त्री आता खाली भिंतीला लावून नीट ठेवलेली होती. आज दुपारपासून परवापर्यंत शहरभर नळ कोरडे राहणार होते. भोंगा लावलेली गाडी कालपासून गल्लोगल्ली ओरडत फिरत होती, पाणी भरून ठेवा, जपून वापरा. आमच्या पार्लरच्या मालकीणबाईंनीही त्यापायीच आज दुपारीच शटर ओढलं होतं. माझ्याकडे होतं ते एवढंच एक पिंप. आणि त्या पिंपाशेजारी, बाथरूममधल्या स्टुलावर, माझे वडील बसले होते. बाह्या कोपरापर्यंत भिजलेल्या, पायजम्याला ओल, हातात जेवणाच्या टेबलावरचा काटा, पायाशी एक बादली ताटलीने झाकलेली, आणि तोंडावर हसू. वर्गात शाबासकी मिळालेल्या पोराचं असतं तसं. त्या हसण्यानेच माझं डोकं फिरलं.

"अण्णा, पाणी कुठाय?"

"आहे," ते म्हणाले.

"कुठे आहे? पिंपात टिपूस नाहीये."

"आहे की. सगळ्यांना आहे." आणि परत तेच हसू.

जिन्यात शेजारच्या मावशी भेटल्या होत्या. मी नसताना त्या दोनदा डोकावून जातात. "अहो, तुमच्या अण्णांची सकाळपासून काय खुडबुड चाललीय," म्हणाल्या, "माझी दोन पातेली मागून घेऊन गेले, तेवढी आठवणीने पाठवा." मी "हो हो" करून वर आले. मला त्याच वेळी कळायला हवं होतं. पण आमच्या घरात वाढलेल्या माणसाला रिकाम्या पिंपाचा एकच अर्थ ठाऊक असतो, की कुणीतरी सांडलं. पिंपातलं पाणी कुणी काढून दुसरीकडे ठेवलं असेल, ही गोष्ट आमच्यापैकी कुणाच्या डोक्यातसुद्धा येत नाही. आधी सांडलं, मग कुणी सांडलं, मग पुढचं. हे आमच्यात लहानपणापासून इतकं घोटलेलं आहे की बाथरूमबाहेरची फरशी कोरडी ठणठणीत आहे, हे माझ्या डोळ्यांना दिसत होतं आणि मला दिसत नव्हतं.

अण्णा पाणीखात्यात होते. दिवसभर घरोघर जाऊन मीटर वाचायचे आणि संध्याकाळी जेवताना लोकांच्या पापांचा पाढा वाचायचे, अमक्याकडे नळ सोडून दाढी करतात, तमक्याची बायको वाहत्या धारेखाली भांडी घासते, एकाने तर कुत्र्याला पाइपाने आंघोळ घातली. बोलताना त्यांच्या कपाळावरची शीर फुगायची. लोकांना काही म्हणायची सोय नव्हती, पण आम्ही होतोच हाताशी. आमच्या घरात भाजी धुतलेलं पाणी भांडी विसळायला, विसळलेलं फरशी पुसायला, पुसलेलं संडासात. यात वाईट काहीच नव्हतं. मी आजही तसंच करते, हात आपोआप करतात, आणि कुणी नळ सोडून दात घासताना दिसलं तर माझ्याही कपाळावरची शीर फुगते, ती मी केस पुढे ओढून झाकते. वाईट होतं ते याच्या पुढचं. आंघोळीला आमची एकच लोखंडी बादली, आणि तिच्या आतल्या अंगाला खिळ्याने ओढलेल्या चार रेघा. सगळ्यात वरची अण्णांची, मग आईची, मग दादाची, मग माझी. आपापल्या रेघेपर्यंत पाणी घ्यायचं, वर थेंब नाही. ज्याने पाणी सांडलं त्याची रेघ बोटभर खाली. अण्णा स्टूल घेऊन बसायचे, जुनी रेघ खरवडून काढायचे, नवी ओढायचे, आणि ज्याची रेघ त्यानेच समोर बसून बादली धरायची, दोन्ही हातांनी, अजिबात हलता कामा नये. हलली तर रेघ वाकडी आणि कानाखाली आवाज. लोखंडावर फिरणाऱ्या खिळ्याचा तो चरचराट अजून माझ्या दाढांत बसलाय. दादाची रेघ आधी माझ्या रेघेखाली गेली, मग आणखी खाली, आणि शेवटी शेवटी तर त्याच्या वाट्याला तोंड आणि काखा भिजतील एवढंच पाणी यायचं. तेवढ्यात आंघोळ उरकून तो बाहेर यायचा आणि माझ्याकडे बघून मान उडवायचा, "चला, महाराजांचं स्नान झालं." मी फसकन हसायचे आणि लगेच तोंड दाबायचे. बाहेरच्या खोलीत अण्णा असायचे ना.

त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता. कामावरून आले की चपला काढायच्या आधी ते बाथरूममध्ये जाऊन बघायचे, आणि तिथूनच आवाज यायचा, हळू, जवळजवळ प्रेमळ, "कुणी सांडलं?" त्या हळू आवाजाला मी जितकी घाबरायचे तितकी त्यांच्या ओरडण्याला नाही. आईच्या हातून घागर निसटली असो, मांजराने भांडं लवंडलेलं असो, क्षणभर घरात सगळे श्वास धरून उभे असायचे आणि मग दादा म्हणायचा, "मी." दर वेळी. एकदा मी त्याला विचारलं, तू कशाला म्हणतोस, तू तर शाळेत होतास. तर म्हणाला, "अगं, ताणून धरण्यात काय अर्थ आहे? मी म्हटलं की लवकर आटपतं. तुझं नाव आलं की आई रडते, आई रडली की तो आणखी पिसाळतो. हिशेब सोपा आहे." केवढा होता तो! मिसरूड फुटायचं होतं. आणि पाणी जायचं असलं की अण्णा घरातली होती नव्हती ती भांडी भरून आतल्या खोलीत स्वतःच्या खाटेखाली सरकवून ठेवायचे, प्रत्येकावर झाकण, आणि वर आपण झोपायचे. तहान लागली तर त्यांना उठवायचं. मी कधी उठवलं नाही. ओठ चाटत पडून राहायचे आणि खाटेखालचं पाणी मनातल्या मनात पीत राहायचे.

आणि तो एक दिवस. दादाने नळ उघडला तेव्हा पाणी गेलेलं होतं, तो उघडाच राहिला, आम्ही दोघं गच्चीवर. मग पाणी आलं. मोरी तुंबलेली, पाणी बाथरूम भरून, उंबरठा ओलांडून, बाहेरच्या खोलीतून जिन्यावर आलं. नेमके त्याच वेळी अण्णा जिना चढून येत होते आणि मीटर वाचणाऱ्याच्या घरचं पाणी त्यांच्या पायांवरून खाली चाललं होतं, आणि खालच्या घरातली बाई दारात उभी राहून बघत होती. दादाला त्यांनी मानेला धरून आत नेलं, भरलेल्या बादलीसमोर गुडघ्यावर बसवलं. "सांडलंस ना? मग आता पी. सगळं पी." आणि डोकं आत. आई दाराची चौकट धरून उभी होती. मी आईच्या पाठीमागून बघत होते. बादलीबाहेर दादाचे पाय फरशीवर खसाखसा घासत होते, एक चप्पल निघून कोपऱ्यात गेली होती, आणि अण्णांचा हात कोपरापर्यंत पाण्यात, शांत, जणू कपडा भिजत घातलाय. वर काढलं, श्वास घेऊ दिला, परत आत. "पी." दादाचा ओठ काठावर आपटून फाटला आणि पाणी लाल होत गेलं. मग त्यांनी त्याला सोडलं, हात पुसले, आणि आईला म्हणाले, "ते पाणी फेकू नका. संडासाला वापरा." आईने वापरलं. त्या माणसाच्या तोंडचं हे वाक्य मी इतक्या वर्षांत कुणाला सांगितलेलं नाही. सांगितलं तर लोक हसतील अशी भीती वाटते, खरंच, कारण ते ऐकायला विनोदी आहे.

दादा मिशी फुटताच घर सोडून गेला तो गेलाच. आई गेली तेव्हा आला, अण्णांशी एक शब्द न बोलता दारातूनच परतला. लांब कुठल्या कुठे राहतो. त्याला फोन केला की मागे पाणी वाहत असतं. दाढी करत असला तरी नळ चालू, काही करत नसला तरी चालू. मी म्हणते, अरे बंद कर ना मेल्या. तो म्हणतो, "ऐकू दे की मला. छान वाटतं." बायको त्याची यावरून भांडते, तरी चालू. आणि मी काय करते, तर लोकांची डोकी धुते. पार्लरमध्ये बाई खुर्चीत मागे रेलते, मान बेसिनच्या खाचेत टेकते, आणि माझा डावा हात तिच्या मानेखाली जातो. उजव्या हाताने पाणी सोडायचं, कपाळावर आडवा तळवा धरायचा, डोळ्यांत जाऊ द्यायचं नाही. बायका म्हणतात तुझ्या हाताला काय माया आहे गं, झोप येते. मानेखालच्या त्या जागेवर बोटं ठेवली की माणसाचं सगळं वजन आपल्या हातात येतं, तो किती घाबरलेला आहे ते कळतं. मला ती जागा चांगली ठाऊक आहे. अण्णांनी दादाला तिथेच धरलं होतं.

माझा संसार मोडल्यावर मी एकटीच राहत होते, आणि अण्णांचं डोकं जायला लागलं तेव्हा मी त्यांना घेऊन आले. लोक म्हणाले, पोरगी असावी तर अशी. कपाळ माझं! मी त्यांना सेवेसाठी आणलं नव्हतं. मला त्यांच्या तोंडून एक गोष्ट ऐकायची होती, सगळं पुसलं जायच्या आत. दादा म्हणाला होता, "त्याने एकदा स्वतःच्या तोंडाने कबूल करावं, माझं चुकलं म्हणावं, मी मिळेल ती गाडी पकडून येतो. नाहीतर तो मेला तरी मला कळवू नकोस." म्हणून मी रोज विचारायचे. जेवताना, नखं कापताना, पाठ चोळताना. अण्णा, दादा आठवतो का? अण्णा, ती बादली आठवते का? आधी आधी ते नजर चुकवायचे. मग नुसते बघत राहायला लागले. मग मलाच "बाई" म्हणायला लागले. आणि याच माणसाने आता नळ उघडे टाकायला सुरुवात केली. उघडायचा, खाली हात धरायचा, पाणी बोटांतून जाताना बघत बसायचं, आणि तसाच सोडून निघून जायचं. मी मागे मागे धावत नळ बंद करायचे आणि दात ओठ खायचे. ज्याने केलं त्याचं सगळं धुऊन निघालं, आणि ज्यांना केलं ते अजून भिजलेलेच. हा कुठला न्याय आहे? परवा फोनवर मी दादाला म्हटलं, त्यांना आता काहीच आठवत नाही रे, तू सोड आता, येऊन बघून जा. बराच वेळ त्याच्या मागचं पाणी ऐकू येत राहिलं. मग हसला. "तोंड बुडवून विचार. मग आठवेल."

ते वाक्य माझ्या डोक्यात होतं का त्या वेळी? असणार. दोन दिवस मी ते चघळत होते. "सगळ्यांना आहे," असं म्हणून ते हसले आणि मी पुढे झाले. मी आधी त्यांच्या कानाखाली मारली. हाताला झिणझिण्या आल्या. त्या आवाजाने मी स्वतःच दचकले, कारण तो आवाज माझ्या ओळखीचा होता, फक्त मी आजवर तो दुसऱ्या टोकाकडून ऐकला होता. त्यांचं हसू गेलं नाही, नुसतं जागेवरून सरकलं. "हसतोस काय?" मी ओरडले. बापाला अरेतुरे मी जन्मात केलेलं नव्हतं, आणि ते तोंडातून इतकं सहज निघालं की त्याच्यासाठीच हे सगळं खोळंबून राहिलेलं असावं. "हसतोस काय? दोन दिवस काय पिऊ मी? सांडलंस ना सगळं? आम्ही थेंब सांडला तर काय करत होतास? आठवतं?" बादलीवरची ताटली मी लाथेने उडवली, ती खणखणत भिंतीवर गेली. बादली काठोकाठ भरलेली होती. माझा डावा हात त्यांच्या मानेवर गेला, अगदी नेमका, शोधावं लागलं नाही. स्टूल घसरलं, ते गुडघ्यावर आले, हाडं फरशीवर वाजली. "मग पी आता. पी! सगळं पी!" आणि मी डोकं आत घातलं.

त्यांनी धडपड केली नाही. हेच मला सहन होईना. दादाचे पाय घासत होते, यांचे नुसते मागे पडले होते, तळवे वर, पांढरे, सुरकुतलेले. पाणी काठावरून माझ्या पायांवर आलं. मी वर काढलं, "आठवतं?" ते खोकत होते, नाकातून पाणी येत होतं. परत आत घातलं. मला बरं वाटत होतं. ते मी कशाला लपवू? दंडातून, खांद्यातून, पार पोटापर्यंत गरम काहीतरी उतरत होतं आणि मला वाटत होतं की हे थांबू नये, हे मला किती आधीच मिळायला हवं होतं. आणि मग माझ्या बोटांना एक हालचाल कळली, मानेच्या पुढच्या बाजूने, घशाची, वर खाली, वर खाली. ते पीत होते. पी म्हटलं म्हणून पीत होते. घोट घोट, घाईने, सांगितलेलं काम लवकर आटपावं तसे. मी हात काढून घेतला.

ते भिंतीला टेकून बसले, भिजलेल्या भल्या मोठ्या बाळासारखे, आणि ढेकर दिली. मी बाहेर आले. घशाला कोरड पडली होती, एक घोट तरी पाणी कुठेतरी असेल म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि फुलपात्र घ्यायला हात वर केला. मांडणीवर एकही भांडं नव्हतं. फुलपात्री नाहीत, पातेली नाहीत, कपसुद्धा नाहीत. कुकर नाही. फुलदाणी नाही. मी तशीच उभी राहिले आणि मावशींची दोन पातेली मला तेव्हा आठवली. आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं. मी ते उघडलं, खाली वाकले आणि खाटेखाली बघितलं.

तिथे सगळं पाणी होतं. पातेली, वाट्या, कप, कुकर, डबे, पार्लरमधून आणलेली रंग कालवायची प्लॅस्टिकची भांडी, माझे पावसाळी बूट, सगळी भरलेली, सगळी एकमेकांना चिकटून ओळीने लावलेली, आणि प्रत्येकावर झाकण. झाकणं संपल्यावर बशा, बशा संपल्यावर पुठ्ठे, आणि एका कपावर आईचा फ्रेममधला फोटो, उताणा. एवढं पाणी त्या थरथरत्या हातांनी इथवर आणलं होतं आणि वाटेत कुठे ओघळ नव्हता. कोपऱ्यात पुसायचं फडकं पिळून वाळत घातलेलं होतं. खाटेवर चादर सारखी केलेली, उशी ठेवलेली. भोंगा त्यांनी ऐकला होता. स्वतःचं नाव गेलं, माझं गेलं, पण तेवढं एक राहिलं होतं.

मी परत आले तर ते बादलीवर वाकून आत बघत होते. मी त्यांच्या शेजारी ओल्या फरशीवर बसले. तेव्हा मला त्या दिसल्या. माझ्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या बादलीच्या आतल्या अंगाला, काट्याने ओढलेल्या, दातेरी, थरथरत्या, चार रेघा.

"ही कुणाची, अण्णा?" मी सगळ्यात खालच्या रेघेवर बोट ठेवलं.

"माझी."

"एवढी खाली?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू या बाईला एवढंही कळत नाही. "मी सांडतो ना," ते म्हणाले.

"आणि ही?"

"ती तिची. भांडी तिलाच घासायची असतात. आणि ही धाकटीची."

"आणि ही वरची?" काठाला लागून ओढलेली होती ती, त्याच्यावर पाणी भरायला जागाच नव्हती.

"त्याची," ते म्हणाले. हनुवटीवरून पाणी ठिबकत होतं. "मोठा झाला असेल तो आता. तेव्हा त्याला पुरायचं नाही. बोलायचा नाही कधी. पण पुरायचं नाही." त्यांनी काट्याच्या दांडीने ती रेघ चाचपली. "ही त्याचीच बादली. कुणी हात लावायचा नाही."

म्हणजे मी त्यांना बुडवलं ते त्यांनी दादासाठी भरून ठेवलेल्या पाण्यात. आणि ते प्याले ते दादाच्या वाट्याचं. दादाला जे हवं होतं ते हेच, याहून जास्त या माणसाकडून आता काही निघणार नव्हतं. मी आत्ता फोन उचलून सांगू शकत होते, ये, मिळेल ती गाडी पकड आणि ये. पण मग पुढचंही सांगावं लागलं असतं. अर्धं सांगितलं तर ते खोटं, आणि पुरतं सांगितलं तर तो या घरात पाऊल ठेवायचा नाही, यांच्यासाठी नाही आणि माझ्यासाठीही नाही. माझ्या बोटांचे ठसे त्यांच्या मानेवर लाल उमटलेले होते. मी बघत होते आणि मला नजर काढता येत नव्हती.

तेवढ्यात ते बादलीत आणखी वाकले. पाणी वरच्या रेघेच्या कितीतरी खाली गेलं होतं. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला, गाल आत गेले, कपाळावर शीर आली. किती वर्षांनी बघत होते मी ती शीर.

"कमी झालं," ते म्हणाले. आणि मग त्या आवाजात, हळू, जवळजवळ प्रेमळ, "कुणी सांडलं?"

माझा हात आपोआप तोंडासमोर आला, कोपर वर, जसा तेव्हा यायचा. केस पिकायला लागलेली बाई मी, आणि आत्ता आत्ता त्यांना बुडवून उठलेली. घरात कुणी नव्हतं, आई नव्हती, मांजर नव्हतं. दादा नव्हता.

"मी," मी म्हणाले.

त्यांनी मारलं नाही. त्यांनी मान डोलावली, घसरलेलं स्टूल जवळ ओढून सरळ केलं, कण्हत वर बसले आणि काटा हातात घेतला. धाकटीची रेघ त्यांना पहिल्याच फटक्यात सापडली. ती खरवडून काढायला त्यांना वेळ लागत होता, काटा सारखा सटकत होता. मग ते थांबले आणि माझ्याकडे बघत राहिले. मी समोर बसले आणि हलू नये म्हणून बादली दोन्ही हातांनी घट्ट धरली.